रामटेके वकील आणि अनुक्रमांक एकेचाळीस

ॲडव्होकेट मनोहर रामटेके यांच्याकडे घटस्फोटासाठी गेलेल्या माणसाकडे ते पहिल्याच भेटीत लग्नाच्या याद्या मागत. लग्नपत्रिका नव्हे, फोटो नव्हेत, विवाहनोंदणीचा दाखला तर नव्हेच, याद्या. लग्न ठरताना दोन्हीकडची वडील मंडळी एकत्र बसून, कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावून, कोणी काय द्यायचे आणि कोणी काय करायचे हे ज्यावर लिहितात आणि खाली सह्या करतात, तो कागद. बहुतेकांना तो सापडत नसे. ज्यांना सापडे, त्यांना रामटेके दुसरी अट घालीत. त्या कागदावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांपैकी जे हयात असतील त्यांनी शनिवार पेठेतील त्यांच्या कार्यालयात पुन्हा एकदा समोरासमोर बसायचे आणि त्याच तपशिलाने परतीच्या याद्या करायच्या.

"जोडताना बैठक घेतलीत, मग मोडताना पोस्टाने का?" हे त्यांचे ठरलेले वाक्य होते.

गेल्या महिन्यात त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त कोथरूडच्या एका सभागृहात त्यांचा सत्कार झाला. तीन वक्ते त्यांच्याविषयी बोलले आणि तिघेही चुकीचे बोलले. मी पहिल्या रांगेत बसून दोनदा हात वर केला. सूत्रसंचालिकेने माझ्याकडे पाहून स्मित केले आणि आभारप्रदर्शन सुरू केले. तेव्हा जे तिथे सांगू दिले गेले नाही, ते येथे लिहितो आहे.

पहिल्या वक्त्याने, म्हणजे एका तरुण वकिलाने, सांगितले की रामटेके सरांनी आपल्या युक्त्यांनी असंख्य मोडकळीस आलेले संसार वाचवले. हे धादांत असत्य आहे. माझ्या माहितीप्रमाणे रामटेक्यांनी एकही संसार वाचवला नाही. त्यांना त्यात रस नव्हता. त्यांना रस होता तो संसार नीट मोडण्यात. सुतार जुना पलंग ज्या बेताने खिळा न खिळा काढून वेगळा करतो, त्या बेताने. परतीच्या याद्यांच्या बैठकीला आलेली जोडपी एकमेकांकडे पाहून विरघळली आणि हातात हात घालून जिना उतरली, अशा कथा मी अनेक ऐकल्या आहेत. त्या जिन्यावरून हातात हात घालून दोन माणसे उतरूच शकत नाहीत. तो जिना मी स्वतः अनेकदा चढलो आहे. एक माणूस उतरत असेल, तर दुसऱ्याला खाली उदबत्तीच्या दुकानात थांबावे लागते.

दुसऱ्या वक्त्या एक बाई होत्या. त्यांनी आवाज कापरा करून सांगितले की, सरांनी लग्न केले नाही, कारण तरुणपणी त्यांचा प्रेमभंग झाला. मी हा प्रश्न रामटेक्यांना तोंडावर विचारलेला आहे. त्यांचे उत्तर असे होते: "आधी वेळ मिळाला नाही. आणि मग पुरावा मिळत गेला."

तिसरे वक्ते म्हणजे दिगंबरपंत. ते माझ्या मुलीचे माजी सासरे. घटस्फोटानंतर व्याह्यांना काय म्हणावे, याची सोय आपल्याकडे कोणी करून ठेवलेली नाही, म्हणून मी त्यांना नावाने संबोधतो. दिगंबरपंतांनी दोनशे माणसांसमोर, मी समोर बसलेलो असताना, अनुक्रमांक एकेचाळीसची हकिकत सांगितली. लोक हसले, मग गप्प झाले, मग टाळ्या वाजल्या. हकिकत माझी होती आणि टाळ्या त्यांना मिळाल्या, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तपशिलाबद्दल.

प्रथम रामटेके कसे होते ते सांगतो, कारण सभागृहात ते फक्त शाल आणि श्रीफळ यांच्या मागे दिसत होते.

उंच, काटकुळे, सावळे; सदरा नेहमी इस्त्रीचा. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून येऊन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि मुलगा तिथल्याच क्वार्टर्समध्ये वाढला. बोलणे असे स्वच्छ की शनिवार पेठेतल्या माणसानेही आपली वाक्ये त्यांच्याकडून तपासून घ्यावीत. मात्र आतून हलले की आईची नागपुरी जिभेवर येई. पुण्यात कोणी सक्ती केलेली नसताना हेल्मेट घालून स्कूटर चालवणारा हा एकच माणूस मी पाहिला. कार्यालयात आल्यावर ते हेल्मेट टेबलावर हाताशीच ठेवीत. पक्षकार एकमेकांना काय फेकून मारतील, याचा नेम नसे.

टेबलावर आणखी एक वस्तू असे: गजराचे घड्याळ. नवा पक्षकार बसला की रामटेके त्याला सात मिनिटांची चावी देत. त्या सात मिनिटांत पक्षकाराने आपल्या जोडीदाराला, सासूला, नणंदेला हवे ते बोलावे. रामटेके मान डोलवीत ऐकत, मधूनच "वाक्य चांगलं आहे" अशी दादही देत. गजर झाला की ते घड्याळाच्या डोक्यावर हात ठेवीत आणि म्हणत, "हे सगळं आपण आपल्या बहिणीला सांगा. आता न्यायालयाला काय सांगायचं ते बघू."

त्या वर्षांत त्यांच्याकडे पक्षकारांची रीघ होती. हिंजवडीत संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या, आणि सकाळी कोथरूडमधून निघणाऱ्या कंपन्यांच्या बसपैकी एकीत नवरा, तर दुसरीत बायको चढत होती. माझी मुलगी मेधा आणि जावई प्रसाद हे त्यांतलेच. दोघे एकाच कंपनीत भेटले, लग्न झाले, सई झाली. मग प्रसादला अमेरिकेत दोन वर्षे जावे लागले. परतल्यावरही त्याचे काम अमेरिकेच्या घड्याळावर चाले: दुपारी जायचे, पहाटे यायचे. परतून वर्ष होत आले तेव्हा मेधा पाच वर्षांच्या सईला घेऊन माझ्या घरी आली आणि म्हणाली, "बाबा, आम्ही वेगळे होतोय. भांडण नाहीये."

भांडण नसलेला घटस्फोट मला समजेना. मी दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झालो आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, सगळ्यांमागे भांडण असते हे मी आयुष्यभर पाहिले होते. मुलीकडे भांडण नसेल, तर ते माझे मला पुरवणे भाग होते. मी ठरवले की सईला तिच्या बापाची भेट मिळू द्यायची नाही. दोन वर्षे जो माणूस फोनवरून बाप होता, त्याने आता दर रविवारी येऊन हक्क सांगावा, हे मला मान्य नव्हते. आणि त्यासाठी मी शहरातला सर्वांत चिवट वकील शोधला. दिगंबरपंतांनी तेव्हा कोणाजवळ तरी, "शनिवार पेठेत इतके वकील असताना नेमके हे रामटेकेच का?" असा प्रश्न केल्याचे माझ्या कानावर आले होते. आता सत्कारसमितीत त्यांचे नाव आहे. असो.

पहिल्या भेटीत मी मेधाच्या आधी खुर्ची ओढली आणि बोलायला सुरुवात केली.

"थांबा," रामटेके म्हणाले. "आपण कोण?"

"मुलीचा बाप."

"लग्न आपलं मोडतंय का?"

"माझं कसं मोडेल? पण..."

"मग ही सात मिनिटं आपली नाहीत. ही यांची आहेत." त्यांनी घड्याळाला चावी दिली आणि ते मेधासमोर ठेवले.

मेधा सहा मिनिटे काही बोलली नाही. खाली उदबत्तीच्या दुकानात कोणीतरी घासाघीस करीत होते, ती ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "सर, तो झोपायला जातो तेव्हा मी निघते. मी झोपते तेव्हा त्याचं ऑफिस रंगात आलेलं असतं. सुट्टीच्या दिवशी समोरासमोर बसलो, तर बोलायला काही सुचत नाही. वाईट नाहीये तो. आम्ही संपलोय, एवढंच."

गजर झाला. रामटेक्यांनी तो थांबवला. "इतकं स्वच्छ कारण माझ्याकडे फार दिवसांनी आलं," ते म्हणाले.

"ते ठीक आहे," मी म्हणालो, "पण मुलीला तो भेटता कामा नये. हे आधी लिहून घ्या."

"लिहून घेतो. याद्या आहेत?"

याद्या होत्या. मी निबंधक कार्यालयातला माणूस. माझ्या घरातून कागद हरवत नाही. मुलीच्या लग्नाच्या याद्या माझ्याच अक्षरात होत्या आणि प्लास्टिकच्या पाकिटात होत्या. रामटेक्यांनी त्या उजेडात धरल्या, अक्षराकडे पाहिले, आणि माझ्याविषयीचे त्यांचे मत किंचित सुधारल्याचे मला दिसले. "परतीच्या याद्याही आपणच लिहा," ते म्हणाले. "असं अक्षर आता कोणाचं राहिलेलं नाही."

मूळ कागदावर चार सह्या होत्या: माझी, दिगंबरपंतांची आणि दोन्हीकडच्या एकेका मामाची. आमचे मामा निवर्तले होते. त्यांचे मामा तो जिना पाहून उदबत्तीच्या दुकानातच बसून राहिले. त्यामुळे बैठकीला वर आलो ते आम्ही पाचच जण: मेधा, प्रसाद, दिगंबरपंत, मी आणि रामटेके. त्यांच्या मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. त्या खोलीत स्वस्थ बसलेले तेवढे एकटेच.

प्रसादने खिशातून फ्लॉपी काढली. "सर, मी ॲक्च्युअली सगळं एक्सेलमध्ये केलंय. सॉर्ट केलं की कॅटेगरीवाइज येतं. म्हणजे टाइम वाचेल सगळ्यांचा."

रामटेक्यांनी फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली. "यात रडू आलं तर ते कुठल्या कॅटेगरीत जातं?"

प्रसादने फ्लॉपी परत खिशात ठेवली.

मग मी लिहून आणलेली यादी रामटेके मोठ्याने वाचू लागले. रकाने पाच: अनुक्रमांक, तपशील, नग, स्थिती, शेरा. प्रत्येक वस्तूला दोन्ही पक्षांनी होकार द्यायचा. समया, ताम्हन, पलंग, मिक्सर यांत काही अडले नाही. पहिली लढाई कुकरवर झाली.

"कुकर, पाच लिटर, आमचा," मी म्हणालो.

"कुकर तुमचा, पण शिटी आमची," दिगंबरपंत म्हणाले. "मूळची हरवली होती. मी स्वतः लक्ष्मी रस्त्यावरून आणली."

"शिटीशिवाय कुकर नेऊन आम्ही काय त्यात फुलं लावू?"

"आणि तुमच्या कुकरशिवाय मी शिटी नेऊन काय ती रस्त्यावर वाजवू?"

"बाबा, प्लीज," मेधा आणि प्रसाद एकदमच म्हणाले. गेल्या वर्षभरात त्यांचे एकमत झालेला बहुधा तो पहिलाच मुद्दा असावा.

रामटेके पेन उचलून शांतपणे म्हणाले, "कुकरचा ताबा मातृपक्षाकडे, शिटीचा पितृपक्षाकडे, आणि भात शेजाऱ्यांकडे. असं लिहू का?"

शिटी आम्हांला मिळाली. रुखवतात मांडलेला थर्माकोलचा सप्तपदीचा देखावा मात्र कोणालाच नको होता. मी म्हणालो, तो तुमच्या माळ्यावर आहे. दिगंबरपंत म्हणाले, तो तुमच्या बहिणीने केला आहे. रामटेक्यांनी त्यापुढे "बेवारस" असा शेरा मारला. पुढच्या प्रत्येक वस्तूला आम्ही दोघे म्हातारे असेच भिडलो. तासाभराने वाद आमच्यातच राहिला. ज्यांचे लग्न मोडत होते ते दोघे खिडकीशी उभे राहून एकाच पुडीतले शेंगदाणे खात होते.

आता अनुक्रमांक एकेचाळीस.

दिगंबरपंतांनी सभेत सांगितले की रामटेके गरजले, त्यांनी माझी यादी टराटरा फाडली, आणि मी ओक्साबोक्शी रडलो. यांतील एकही गोष्ट घडली नाही. घडले ते असे.

रामटेक्यांनी वाचले, "अनुक्रमांक चाळीस. लोखंडी कपाट. नग एक. स्थिती बरी. शेरा, डाव्या दाराला पोचा आहे." मंजूर. "अनुक्रमांक एकेचाळीस. कुमारी सई." येथे त्यांचा आवाज थोडा खाली आला. "नग एक."

पुढचा रकाना मी कोरा सोडला होता.

मी ते लिहिले होते. मी ते नाकारत नाही आणि तेव्हाही नाकारले नाही. आमच्या कार्यालयाचा एक दंडक होता: जे कागदावर नाही, ते अस्तित्वात नाही. त्या घरातून माझ्या घरी जे जे कायमचे यायचे होते, ते एका कागदावर, एका क्रमाने आले पाहिजे, या सवयीने मी लिहीत गेलो. कपाटानंतर सई आली. लिहिताना माझा हात अडखळला नाही, हे मात्र मी कबूल करतो.

रामटेके गरजले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, माझ्याकडे पाहिले, आणि अगदी हळू विचारले, "काहून जी?"

मी त्यांच्या तोंडून त्यांच्या आईची भाषा ऐकली, ती त्या दिवशी पहिल्यांदा. मग ते पुन्हा आपल्या नेहमीच्या मराठीत आले. "स्थितीचा रकाना कोरा आहे. काय लिहू? आपण नोंदणीतले आहात, आपणच सांगा."

"कागदावर नाही ते अस्तित्वात नाही," मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला तितका मोठा निघाला नाही.

"बरोबर आहे. तिच्यासाठी वेगळा कागद घेऊ."

मी पेन काढून ती ओळ खोडायला वाकलो. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "खोडू नका. ती मोठी होईल. कधी तरी हे कागद मागेल. खोडलेलं वाचता येतं."

म्हणून मी चाळीस वस्तू पुन्हा पहिल्यापासून कोऱ्या कागदावर लिहिल्या. त्याला वीस-पंचवीस मिनिटे लागली. चहा आला, निवला. मी रडलो नाही. मी चष्मा पुसला. चष्मा पुसणे हा कोणत्याही माणसाचा हक्क आहे.

लिहून झाल्यावर रामटेक्यांनी जुनी यादी घडी करून आपल्या खिशात घातली. तिचे पुढे त्यांनी काय केले मला ठाऊक नाही. मग त्यांनी एक कोरा कागद समोर ओढला. त्यावर रकाने नव्हते. वर फक्त "सई" असे लिहिले आणि ते प्रश्न विचारू लागले. उत्तर ज्याला येईल त्याने द्यायचे.

दुधात काय घालून पिते? मेधा म्हणाली, काही घातलं तर पीत नाही. वेणी कोण घालतं? आजी. कशाला घाबरते? यावर मेधा आणि प्रसाद दोघेही म्हणाले, मिक्सरला. मिक्सर यादीत सहाव्या क्रमांकावर होता. मी त्यापुढे "चालू स्थितीत" असे लिहिले होते.

"शाळेच्या बसमधून हात करते?"

"हो," मी ताबडतोब म्हणालो. येथे मी ठाम होतो. दोन महिने तिला बसपर्यंत मीच सोडत होतो.

"कुठल्या खिडकीतून?"

मला आठवेना. खरे तर आठवण्यासारखे काही नव्हतेच. ती बसमध्ये चढली आणि दार लागले की मी घराकडे वळत असे. काम झालेले असे.

"डावीकडची, मागून दुसरी," प्रसाद म्हणाला. तो भिंतीकडे पाहत होता. "तिथे सीट रिकामी नसेल तर उभी राहते, पण खिडकी तीच. मी पहाटे घरी यायचो, मग झोपायचो नाही. तिला बसला सोडून मग झोपायचो. रोज." थोडे थांबून तो म्हणाला, "आता हात कोणाला करते ती?"

उत्तर माझ्याकडे होते आणि ते मी देऊ शकत नव्हतो.

मी भेटीवरची हरकत त्याच बैठकीत मागे घेतली. वकिलाने मला फसवून सही घेतली, असे माझे मेहुणे सांगतात. मला फसवून आजवर कोणी सही घेतलेली नाही. मी वाचून, समजून, तारीख घालून सही केली.

संमतीच्या घटस्फोटात पहिला अर्ज आणि अंतिम हुकूम यांच्यामध्ये सहा महिने जावे लागतात. त्या काळात सईने बापाला कोठे भेटायचे, हा प्रश्न होता. आमच्या घरी प्रसादला अवघडल्यासारखे होई. त्याच्या घरी पाठवायला मेधाचे मन अजून होईना. कौटुंबिक न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी खोली होती, पण रामटेके म्हणाले, "तिथे नको. तिथे मुलं बाकाकडे बघत बसतात." त्यांनी आपले कार्यालय दिले. दर रविवारी सकाळी दहा ते बारा. सईला मी घेऊन जाई; ते स्वतः कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडून बसत.

प्रसाद उशिरा आला, तर तोवर ते सईशी पत्ते खेळत. गुलामचोर. ते मुद्दाम हरत, असे लोक कौतुकाने सांगतात. मुळीच नाही. त्यांना तो खेळ जमतच नसे. ज्यांचा चेहरा न्यायाधीशांना कधी वाचता आला नाही, त्यांच्या हातात गुलाम आला की पाच वर्षांची मुलगी खुर्चीवर उभी राहून ओरडे, "आला! वकीलआजोबांकडे गुलाम आला!"

"यास पुरावा काय?" ते विचारीत.

"तुमचे कान हललेत!"

"हरकत आहे. पक्षकार माझ्या कानांविषयी बोलत आहेत."

"हरकत नाही आहे!"

ते तिला "आपण" म्हणत. ती त्यांच्याशी बोलताना "आपण" म्हणू लागली आणि घरी आम्हांला "तू". वीसेक मिनिटांनी प्रसाद धापा टाकीत जिना चढून येई आणि रामटेके ताबडतोब पत्ते खाली ठेवून वर्तमानपत्रात शिरत. ते पान ते उलटीत नसत, हे माझ्या लक्षात आले होते.

त्याच खोलीच्या दाराच्या चौकटीवर मी पेन्सिलीच्या रेघा पाहिल्या. शेजारी बारीक अक्षरात नावे: रोहन, तन्वी, पुन्हा रोहन, आदिती, शहनाज. मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या. जवळ जाऊन पाहिले. प्रत्येक नावाच्या चार रेघा, पाच रेघा, फार तर सात. मग ते नाव संपे.

"यांच्या पुढच्या रेघा कुठे आहेत?" मी विचारले.

"प्रकरणं निकाली निघाली," वर्तमानपत्राच्या मागून ते म्हणाले.

सहा महिन्यांनी अंतिम हुकूम झाला. भेटीचे कलम रामटेक्यांनी स्वतः घातले होते. यापुढे सईने बापाला त्याच्या घरी भेटावे, हवे तिथे त्याच्याबरोबर फिरावे, शाळेच्या बसला त्याने सोडावे. मध्ये कोणी तिसऱ्याने बसण्याची आवश्यकता नाही. मेधाने एका शब्दाची दुरुस्ती न करता सही केली. न्यायालयाच्या पायऱ्यांवर मी त्यांच्याशी हस्तांदोलन केले. "काम झालं," ते म्हणाले, हेल्मेट घातले आणि गेले. त्यानंतरचे दोन रविवार सई बापाबरोबर पर्वतीवर गेली. मी बसच्या थांब्यावर जाणे बंद केले नव्हते. फक्त आता प्रसादच्या शेजारी उभा राहत होतो आणि बस वळेपर्यंत थांबत होतो.

तिसऱ्या आठवड्यात टपालाने एक लांब लिफाफा आला. आत न्यायालयीन कागदावर टंकलेला, डावीकडे रुंद समास सोडलेला अर्ज होता. वर लिहिले होते: "कुमारी सई हिच्या समोर." खाली: "अर्जदार, मनोहर रामटेके, वय ५४, धंदा वकिली." मग परिच्छेद.

एक: अर्जदाराची व सदर कुमारीची ओळख रविवारी सकाळी झालेली आहे. दोन: सदर कुमारीच्या भेटीवर अर्जदारास कोणताही कायदेशीर हक्क नाही, हे अर्जदारास पूर्णपणे मान्य आहे. तीन: तरी महिन्यातून एका रविवारी, सर्वांच्या सोयीने, अर्धा तास भेट घडावी, अशी विनंती. चार: अर्जाचे सबळ कारण तोंडी सांगण्यात येईल.

मी आयुष्यभर कागदांतल्या चुका काढत आलो. या कागदात चूक नव्हती. आमच्या सौभाग्यवतींनी तो वाचला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाल्या, "अहो, यांना सरळ फोन नाही का करता आला?"

"नाही," मी म्हणालो. या एका बाबतीत मला रामटेके पूर्ण समजले होते.

असा अर्ज त्यांनी त्यापूर्वी कोणाकडे केला होता का, ते मला माहीत नाही. मंजूर किंवा नामंजूर करणे माझ्या अधिकारात नव्हते. अर्ज माझ्या नावे नव्हता. मी तो सईला वाचून दाखवला. तिने तो हातात घेऊन खालपर्यंत पाहिला, जणू तिला वाचता येत होते. "आजोबा, सबळ म्हणजे?"

"पटेल असं."

"मग चला ना, विचारू."

प्रसादला फोन केला. तो म्हणाला, पर्वती दुपारी करू. रविवारी मी आणि सई शनिवार पेठेत गेलो. उदबत्तीचे दुकान अजून उघडायचे होते. जिना चढून वर आलो तर कार्यालयाचे दार सताड उघडे, खोली झाडलेली, खिडकीत उन्हाला फडके वाळत घातलेले. टेबलावर एकही फाईल नव्हती. रामटेके खोलीच्या मधोमध उभे होते, बसायचे विसरल्यासारखे.

सई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आपण कारण सांगणार होता ना? तोंडी?"

रामटेक्यांनी माझ्याकडे पाहिले. मग खिडकीकडे पाहिले. ज्या माणसाला मी कधी अर्धे वाक्य बोलताना ऐकले नव्हते, त्याने दोनदा तोंड उघडले आणि मिटले.

"तसं विशेष काही..." ते म्हणाले. "मी आज सहजच आलो होतो. थोडे कागद बघायचे राहिले होते."

हे विधान सपशेल खोटे होते, आणि ते खोटे ठरवायला मला एक मिनिटही लागले नसते. मी खुर्ची ओढून घेतली आणि त्यांचे वर्तमानपत्र उघडून बसलो.